पंचवीस ढाली जमा

एका शॉटसाठी चार माणसं खाडीतल्या त्या भाटीवर, चिखलाच्या बेटावर, उतरली. फक्त एका! शत्रूच्या मुलखात अडकलेले तीन रोमन शिपाई, भोवती चिखल, चिखलात रोवलेल्या मेलेल्या सोबत्यांच्या ढाली, आणि आभाळातून हे सगळं बघणारा ड्रोन. मालिकेचा शेवटचा भाग या दृश्यानं सुरू व्हायचा होता.

मालिका परदेशी पैशाची. रोमची फौज पार उत्तरेला, आज ज्याला स्कॉटलंड म्हणतात तिथवर घुसते. तिथले पिक्ट लोक, अंगभर निळी नक्षी काढून लढणारे, तिला दलदलीत गाठून कापून काढतात. तिघे वाचतात आणि मागे राहतात, अशी गोष्ट. स्कॉटलंडचा खर्च झेपेना म्हणून दलदल ठाण्यात शोधली आणि ती कोलशेतच्या खाडीत सापडली. तिवरांवर यंत्रानं धूर सोडला की स्कॉटलंड काय नि कोलशेत काय, कोण विचारतंय!

चौथं माणूस मालन. मालन ड्रेसवाली, वय एक्कावन्न, राहणार डोंबिवली पूर्व. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिवणयंत्रावर बसून शिकली. आधी ब्लाउज, मग नाटकांचे शालू, मग पौराणिक मालिकांचे कमरपट्टे, आणि आता फोटोवर बोट ठेवून ठेवून रोमनांची चिलखतं. रोम नकाशात कुठे आहे हे तिला सांगता आलं नसतं; पण रोमन खांद्याला किती पट्टे लागतात हे डोंबिवलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती भाटीवर आली होती ती दाभण-दोरा आणि कमरेला कात्री घेऊन. सेंच्युरियनच्या, म्हणजे रोमन तुकडीच्या नायकाच्या, चिलखताचा पट्टा दर वीस पावलांनी तुटायचा.

सेंच्युरियन म्हणजे उत्तम. तिच्याच इमारतीतला, तळमजल्यावरचा, सत्तावन्न वर्षांचा. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत अठ्ठावीस वर्षं पाइप आणि पंप सांभाळले, मग कंपनीला टाळं लागलं आणि तो दिवसभर खिडकीत बसायला लागला. मालननंच त्याला ओढून आणलं होतं. "उत्तमभाऊ, तुमचं नाक राजासारखं आहे. चला!" निघताना त्याच्या बायकोनं मालनचा हात धरला होता. "गुडघा धड नाही त्यांचा, ताई. तुमच्या भरवशावर पाठवतेय."

दुसरा रोमन साईनाथ, कल्याणचा रिक्षावाला, चाळिशीचा. तिसरा बंटी, चोवीस वर्षांचा, दंडाचा घेर न विचारता सांगणारा. आदल्या दिवशी लढाईच्या दृश्यात बंटीनं खोट्या तलवारीनं पिक्टांच्या सरदाराची भुवई खरोखर फोडली होती. सरदार म्हणजे पलीकडच्या गावचा पंढरी. पंचवीसच्या पंचवीस पिक्ट त्याच गावचे होते.

पहाटे साडेपाचला, गावच्या बांधावर उभ्या असलेल्या युनिटच्या गाड्यांपाशी, अद्वय नावाचा असिस्टंट डायरेक्टर मालनपुढे कागद घेऊन आला.

"मावशी, रिटर्न शीटवर आत्ताच सही देऊन टाका ना. पॅकअपला फार धावपळ होते."

"सामान परत यायच्या आधीच?"

"तुम्हीच तर आणणार आहात. कुठे जाणारे?"

ढाली पंचवीस जमा. भाले पंचवीस जमा. चिलखतं तीन, टोप तीन, जमा. मालननं सही केली. युनिटवर आपल्यासारखी माणसं कुणी मोजत नाही हे तिला ठाऊक होतं. तिथे कपडे मोजतात. कपडा परत आला म्हणजे आतला माणूस घरी गेला, अशी तिथली रीत. त्या रीतीत त्या सहीचा अर्थ काय होतो, हे पहाटे साडेपाचला चहाच्या आधी कुणाच्या डोक्यात येणार?

फोटो बाहेर फुटू नयेत म्हणून चौघांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा झाले आणि पिशवी गाडीत गेली. मालनच्या कानात मात्र वॉकीटॉकीची नळी खोचली गेली. बोटीनं मोठ्या खाडीतून वळसा घालून त्यांना भाटीवर सोडलं. रोमनांच्या तीन ढाली नि तीन भाले हातात, बाकीच्या बावीस आदल्या दिवशीच चिखलात रोवलेल्या. "फ्रेममध्ये कुणी नको हां," म्हणत बोट वळणाआड गेली. मालन तिवराच्या झुडपात तपकिरी चादर पांघरून पालथी पडली. नाकाशी एक खेकडा आला, दोन्ही नांग्या वर करून उभा राहिला, आणि तिनं त्याला हळूच सांगितलं, "फ्रेममधून बाहेर हो."

ड्रोन आला. घोंघावला. तिघे रोमन चिखलातून चालले, उत्तमचा पट्टा तुटला, मालननं शिवला, पुन्हा चालले. पुन्हा तुटला. नऊ वाजता शॉट ओके झाला. ड्रोन परत गेला.

मग बोट यायची वाट.

साडेनऊला मालनच्या कानात एकदम दहा माणसं ओरडायला लागली.

"जनरेटर अडवलाय! गाववाले आलेत सगळे!"

"बांध कुणी तोडायला सांगितला होता? आता भोगा!"

मालनला उलगडा झाला. परवा क्रेन आत घ्यायला जागा नव्हती, म्हणून जेसीबी लावून युनिटनं खाडीचं पाणी अडवणारा गावचा बांध दहा पावलं फोडला होता. "उद्या भरून देतो," म्हणाले होते. उद्या काल होऊन गेला होता.

"गाड्या काढा! निघा, निघा! बोटीला पण सांग, जा म्हणावं!"

"रोमन? रोमन आले का?"

मालननं बटण दाबलं. "अद्वय! आम्ही इथे आहोत! अद्वय!" पण एकाच वेळी दहा जण बटण दाबून बसले होते. तिचा आवाज कुणाला जाईना. आणि मग तिला स्वच्छ ऐकू आलं, त्या पोराच्या गोड आवाजात, "हो हो, रोमन बॅक आहेत. शीट माझ्या हातात आहे. ढाली, चिलखतं, सगळं जमा. मावशींची सही आहे."

खरखर. पुन्हा खरखर. मग काहीच नाही.

मालननं नळी कानातून उपटली आणि चिखलात फेकली. तिच्या अंगाची लाही लाही झाली. अद्वयचा राग आला, त्या फोडलेल्या बांधाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या सहीचा, तिच्या स्वतःच्या वळणदार सहीचा, जी ती रात्र-रात्र पाटीवर गिरवून शिकली होती.

"काय म्हणाले?" उत्तमनं विचारलं.

"गावात भांडण झालंय. पळाले."

"आपल्याला सोडून?"

"सोडून."

सहीचं ती बोलली नाही.

साईनाथनं शिव्यांची अशी एक माळ लावली की कल्याण स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँडसुद्धा लाजला असता. बंटी मोठ्या खाडीच्या काठाशी धावला. समोर कोलशेतचे टॉवर उभे होते, चाळीस-चाळीस मजल्यांचे, इतके जवळ की कोणत्या बाल्कनीत चादरी वाळताहेत ते दिसावं. मधे खोल पाणी. बंटी ढाल हलवत ओरडला. विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर कुणीतरी उभं राहिलं. हात हलवला! बंटी नाचायला लागला. मग त्या माणसानं मोबाइल समोर धरला, निवांत दोन मिनिटं शूटिंग केलं, पुन्हा एकदा हात हलवला आणि पडदा ओढून आत गेला.

थोड्या वेळानं रेतीची एक बोट आली. तिघे रोमन घसा फाटेस्तोवर ओरडले, "ए! थांब! वाचवा!"

बोटीवरचा माणूस दचकला. त्यानं तिघांकडे पाहिलं, लाल ढालींकडे पाहिलं, मग आपल्या माणसाला म्हणाला, आणि पाण्यावरून ते शब्द स्पष्ट आले, "बाजूनं घे, बाजूनं! शूटिंग चालूय, मधे नको जाऊ." आणि ती बोट पार पलीकडच्या काठाला लागून, अगदी अदबीनं, निघून गेली.

"अरे आम्ही खरे आहोत!" साईनाथ ओरडला. "खरे!"

लाल झगा, पत्र्याचं चिलखत, डोक्यावर तुऱ्याचा टोप. कोण विश्वास ठेवणार!

मालननं बाहीखालचं घड्याळ बघितलं. सव्वादहा. मग तिवराच्या खोडाकडे बघितलं. खोडावर सुकलेल्या चिखलाची रेघ होती. ती रेघ तिच्या कपाळाच्या वर होती.

"परवा पौर्णिमा होती ना?" ती म्हणाली. "आज द्वितीया."

"मावशी, आत्ता उपास-तापास..." बंटी सुरू झाला.

"गप! माझा बाप देवगडला होडीवर होता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. द्वितीया, म्हणजे दीड. इतक्या आत खाडीत आणखी तासभर उशीर धर. पण पौर्णिमेनंतरचं उधाण आहे हे. बारापर्यंत ही भाटी पाण्याखाली."

मोठ्या खाडीतलं पाणी मघाशी समुद्राकडे जात होतं. आता त्यावरचं थर्माकोलचं एक ताट हळूहळू उलट, कल्याणच्या दिशेनं निघालं होतं.

"मला पोहता येत नाही," उत्तम शांतपणे म्हणाला.

"मला पण," साईनाथ म्हणाला. बंटीनं दंडांकडे बघितलं आणि मान हलवली.

जायला वाट एकच. भाटी आणि गावचा बांध यांच्यामध्ये एक अरुंद नाळ, खाडीचा फाटा, होती, दोनशे पावलांची, ओहोटीला नुसता चिखल. तिच्या डाव्या बाजूनं शिंपल्यांचा कडक पट्टा थेट बांधापर्यंत जात होता. काल ओहोटीला युनिट त्यावरूनच ये-जा करत होतं; आज पहाटे तिथे पाणी होतं म्हणून बोट. चौघे तिवरांतून त्या पट्ट्याच्या तोंडाशी आले, आणि जागच्या जागी थिजले.

बांधावर पिक्ट होते!

वीस-पंचवीस जण. अंगावरचा कालचा निळा रंग तसाच, घामानं ओघळलेला. हातांत फावडी, कोयते, पहारी. फोडलेल्या बांधाच्या तोंडाशी ते तुटून पडले होते आणि मधूनमधून अशी आरोळी येत होती की काल कॅमेऱ्यापुढेसुद्धा आली नव्हती. मधोमध पंढरी, भुवईवर पांढरी पट्टी.

"मावशी," बंटीचा आवाज चिरकला, "तो मला बघूनच ओळखेल. उभा कापेल!"

"शूटिंगवाले सगळे सारखेच त्यांना," साईनाथ कुजबुजला. "आत्ता हे कपडे घालून समोर जायचं म्हणजे..."

मालनच्या मनात आलं, जावं सरळ. हाक मारावी. पण तिघांच्या अंगावर तिनंच शिवलेला शत्रूचा वेश होता. "उजवीकडून जाऊ," ती म्हणाली. "तिवरांच्या आडोशानं. लांब जाऊन बांधावर चढू."

उजवीकडे वाट नव्हती. तिवरांची मुळं सुळ्यांसारखी वर आलेली. मधे मऊ, गुळगुळीत, चकाकणारा चिखल. पहिल्या दहा पावलांत साईनाथची चप्पल गेली. पुढच्या दहांत बंटीच्या दोन्ही. मालन साडी गुडघ्यापर्यंत खोचून, मुळांना धरत पुढे. मागून उत्तम, दर पावलाला "आई गं" म्हणत.

आणि मग तो "आई गं" म्हणाला नाही.

मालननं वळून पाहिलं. उत्तम मांड्यांपर्यंत खाली गेला होता!

"हलू नका!" ती ओरडली. बंटी धावला, त्यानं उत्तमच्या काखेत हात घातले आणि जिममधलं सगळं बळ लावून ओढलं. उत्तम तसूभरही वर आला नाही. बंटीच नडगीपर्यंत रुतला.

"सोड रे," उत्तम धापा टाकत म्हणाला. "खाली व्हॅक्यूम धरलाय. टाकीच्या तळाला गाळात पाइप बसायचा ना, तसं. हवा नाहीतर पाणी आत गेल्याशिवाय सुटायचं नाही. एखादा पाइप असता..."

सगळ्यांनी एकाच वेळी साईनाथच्या हातातल्या भाल्याकडे पाहिलं.

भाले पीव्हीसीचे होते! दीड इंची पाइप, वरून तपकिरी रंग, टोकाला फायबरचं पातं. साईनाथनं पातं मुळावर आपटून तोडलं. मालन आधी ढालींकडे वळली. "पायाखाली काहीतरी हवं, नाहीतर आपणही जाऊ. बंटी, रोवलेल्या ढाली उपट! सगळ्या!"

तीन आठवडे अद्वयनं त्यांना कासव शिकवलं होतं. ढालीला ढाल भिडवून डोक्यावर छप्पर करायचं, रोमन पद्धत. आता ते कासव उताणं झालं. ढालीला ढाल लावून चिखलावर लाल वाट अंथरली गेली. बाकदार ढाल होडीसारखी बसायची, डुलायची, पण बुडायची नाही. मालन तिच्यावर पोटावर झोपून उत्तमपर्यंत सरकली आणि तिनं पाइप त्याच्या उजव्या पायालगत खाली खुपसला.

पाणी आलं होतं. कुठून आलं ते कळलंही नाही. मुळांमधून बोटभर रुंदीची एक धार गुपचूप वळत वळत आली आणि उत्तमभोवती गोल फिरली. त्याला बुडवायला निघालेलं तेच पाणी साईनाथनं टोपात भरलं आणि पाइपात ओतलं. उत्तमनं पाय हलवला. पुन्हा ओतलं. पुन्हा हलवला. बुडबुडे आले.

"सुटतोय!" उत्तम ओरडला. "ओत! ओत!"

उजवा पाय मोकळा झाला! पण डावा, धड नसलेल्या गुडघ्याचा, तो सुटेना. पाइप आत जाईना, खाली मूळ लागत होतं. पाणी उत्तमच्या कमरेला लागलं. आता टोपाची गरजच नव्हती.

बंटी ढालीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. "माझ्यामुळे. तिकडून गेलो असतो तर..."

"तुझ्यामुळे नाही," मालन म्हणाली. ती रागानं, पण हळूच बोलत होती. "माझ्यामुळे. मी पहाटेच सही दिलेली, सगळं सामान जमा म्हणून. त्या कागदावर आपण चौघं परत गेलोय. कुणी शोधायला येणार नाही. मघापासून पोटात ठेवून बसलेय."

उत्तमनं तिच्याकडे पाहिलं. टोप एका कानावर कलला होता, नाकाला चिखल लागला होता.

"पूर्ण नावानं केली का हो सही?"

"हो."

"मग छानच आली असेल," तो म्हणाला. "ताई, रागवायचं असेल तर एवढं हळू का रागावताय? तिकडे ऐकू जाईल असं रागवा. मला घरी जायचंय."

मालन उठली. डुलणाऱ्या ढालीवर दोन पाय रोवून उभी राहिली. डाव्या हातात पत्र्याचा टोप, उजव्यात पाइप. आणि तिनं तो टोप असा बडवला, असा बडवला, की तिवरांतले बगळे उडाले!

"ओ गाववाले! ओ पंढरीशेट! इकडे या! माणूस बुडतोय! तुमच्या बांधाला आग लागो, आमच्या सिनेमाला आग लागो, आधी इकडे या!"

बांधावरची फावडी थांबली. मग तिवरांच्या फांद्या हलल्या, आणि निळे चेहरे एकामागून एक बाहेर आले. पुढे पंढरी, हातात कोयता. निळ्या छातीवर सोन्याची जाड साखळी. त्यानं उत्तमला पाहिलं, मालनला पाहिलं, मग त्याची नजर बंटीवर थांबली. बंटीनं डोळे मिटले.

"तुमी हितंच?" पंढरी म्हणाला. "आमाला वाटला सगले पलाले! आनि डाव्या हाताला कडक वाट सोडून हितं मरायला कशाला शिरलाव?"

"तुम्हाला घाबरून!" मालन खेकसली.

"आमाला?" पंढरीनं स्वतःच्या निळ्या पोटाकडे पाहिलं, हातातल्या कोयत्याकडे पाहिलं. "अगो, शुगरची गोली खातंव मी!"

"बाजूला हो रं!" मागून एक कडक आवाज आला. सत्तरीची एक बाई, गुडघ्याच्या वर घट्ट लुगडं नेसलेली, कमरेला चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली. पंढरीची आई, कमळाबाई. ती चिखलावरून अशी आली जशी एखादी बाई ओल्या फरशीवरून येते, पाऊल ठेवतानाच उचलत. "भांडान मंग करा. पानी थांबनार हाय का तुमच्यासाठी? ए बाय, त्याला उभा कशाला ठेवलास? निजव! पाठीवर निजव! आनि त्यो पत्रा काप आंगावरचा!"

मालननं कमरेची कात्री काढली. त्या चिलखताचे पट्टे तिनं दुहेरी मेणदोऱ्यानं शिवले होते, एकेक टाका मोजून. सकाळपासून ते वीस-वीस पावलांवर तुटत होते. आता तुटेनात! तिनं दात-ओठ खाऊन कात्री चालवली. एक. दोन. चौथा पट्टा तुटला आणि पत्र्याचं ओझं पाण्यात गेलं. साईनाथनं आणि बंटीनं उत्तमला मागे ढालीवर आडवा केला. पाणी त्याच्या कानांपर्यंत आलं. पंढरीनं कोयता टाकला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं वर धरलं.

कमळाबाई ढालीवर आडवी झाली आणि तिनं खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. बिळातली चिंबोरी काढताना घालते तसा.

"घावला पाय. तिवराच्या मुलात अरकलाय. ऐक रं बाबा. वर खेचू नको. आंगठा खाली कर, टाच वर. नाचनाऱ्या पोरी करतान तसा. हां. आता मी मूल वाकवतंय... आता!"

ढब्ब!

असा आवाज झाला की जणू खाडीनं ढेकर दिली. उत्तम ढालीवरच एक फूट मागे सरकला. चप्पल आत राहिली. पाय बाहेर आला!

कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं. बंटी उत्तमच्या गळ्यात पडला. मालन मात्र ढालीवर मटकन बसली आणि कमळाबाईचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरून नुसती बघत राहिली.

"रडायचा तं घरी जाऊन रड," कमळाबाई म्हणाली. "आता ऊठ. पानी चढतंय."

उत्तमला ढालीवर झोपवून, होडीसारखं ओढत त्यांनी बांधावर आणलं. तिथे मात्र भांडण झालंच. पंढरी ओरडला, "बांध तुमी फोडलाव! दोन दिस आमीच पोती टाकून पानी थोपवलंय. आत आमचं तलाव हाय, जिताडं मासं हाय, वालाची शेती हाय. खारं पानी एकदा शिरलं का तीन वरसं काय उगवत नाय!" मालनही ओरडली, "आम्ही नाही फोडला! ज्यांनी फोडला ते आम्हालाही टाकून गेले! तुमचा बांध आणि आमची माणसं, दोन्ही त्यांच्या लेखी सारखंच!" दोघं एकमेकांच्या तोंडासमोर उभे राहून एकाच माणसांना शिव्या देत होते, हे समजायला दोघांनाही जरा वेळ लागला.

तोवर पाणी फोडलेल्या तोंडाशी आलं होतं. दहा पावलांचं ते भगदाड, त्यात टाकलेला चिखल, वाहून चाललेला. घमेलं घमेलं टाकायचं, आणि लाट आली की अर्धं जायचं. उधाणाला अजून तीन तास बाकी होते.

बंटी उठला. कुणाला काही न विचारता परत तिवरांत गेला आणि सहा ढाली डोक्यावर घेऊन आला. पहिली भगदाडाच्या तोंडाशी उभी रोवली. पंढरीसमोर जाऊन उभा राहिला. "शेट, काल माझं चुकलं. हे ठोका. मी धरतो."

पंढरीनं भुवईची पट्टी चाचपली. मग पहार उचलली. बंटीनं पुन्हा डोळे मिटले. पहार ढालीशेजारी रोवलेल्या बांबूच्या खुंटावर बसली. धाड!

मग कुणी थांबलं नाही. तीन रोमन आणि पंचवीस पिक्ट! ढालीला ढाल भिडवली, मागून बांबूचे खुंट ठोकले, पुढून चिखल, दगड, पुन्हा चिखल. ढाली दोन रांगांत उभ्या राहिल्या. पंचवीस तिथे कमी पडतील की काय असं वाटत होतं, पंचवीसच पुरल्या. मालन चिखल भरलेल्या पोत्यांची तोंडं दाभणानं शिवत राहिली, उत्तम बांधावर पाय पसरून बसून "डावीकडे गळतंय, तिथे दाबा!" असं अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं सांगत राहिला. अडीच वाजता पाणी ढालींच्या वरच्या कडेला बोटभर कमी येऊन थांबलं. थरथरलं. आणि तिथेच राहिलं.

कमळाबाईनं चहा पाठवला. पंढरीचा फोन वाजला. त्यानं बघितलं आणि तो मालनपुढे धरला. "तुमचा पोऱ्या."

"मावशी!" अद्वय रडवेला झाला होता. "तुमचे फोन गाडीत वाजले तेव्हा कळलं. तुम्ही ठीक आहात ना? सॉरी, खूप सॉरी. मी गाडी पाठवतोय. आणि मावशी... त्या ढाली पण राहिल्यात ना तिकडे? पंचवीस? गाववाल्यांकडून तेवढ्या मागून घ्या ना."

राग मालनच्या डोक्यातून जिभेवर आला आणि तिथे अगदी थंड झाला.

"शीट आहे का तुझ्या हातात?"

"आहे."

"ढालींपुढे काय लिहिलंय?"

"पंचवीस... जमा."

"सही?"

"तुमची आहे."

"मग जमा आहेत. कागदावर आहे ते खरं, नाही का? सकाळपासून खरंच धरलंत ना तुम्ही? आता त्याच कागदावर माणसांचा रकाना कुठे आहे ते बघ."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"नाहीये मावशी."

"आख," मालन म्हणाली. "पट्टी घेऊन नीट आख. उत्तम, साईनाथ, बंटी, मालन. प्रत्येकानं स्वतः सही केल्याशिवाय इथून पुढे एक बटण लावायची नाही मी. आणि गाडीबरोबर उत्तमभाऊंना चप्पल पाठव. नऊ नंबर."

तिनं फोन पंढरीला दिला. बांधावर लाल ढाली उन्हात चमकत होत्या, त्यांच्या पलीकडे खाडी तटतटून भरलेली आणि अलीकडे वालाच्या वेलांत कोरडी माती. उत्तमनं चहाचा कप खाली ठेवला, अनवाणी पायाची बोटं हलवून बघितली, पाचही, आणि म्हणाला, "ताई, घरी यातलं काय काय सांगायचं?"

"चप्पल हरवली एवढंच," मालन म्हणाली, आणि पुढचं पोतं शिवायला घेतलं.